काचेच्या टाकीतले शेत



आमच्या गुरुकुंज मोझरीला दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी राष्ट्रसंतांचा पुण्यतिथी महोत्सव भरतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. गावोगावची मंडळी येतात, दुकाने लागतात. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीतून माझा नातू (म्हणजे पुतण्याचा मुलगा, वय वर्षे दहा) प्लास्टिकच्या पिशवीत चार रंगीत मासे घेऊन घरी आला. लोणच्याची बरणी रिकामी होती, तीत पाणी भरले आणि मासे सोडले. मुलाने प्रेमापोटी अर्धी पोळी कुस्करून टाकली. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखे झाले. आजीने ते सगळे ओतून नळाचे ताजे पाणी भरले. पाचव्या दिवशी चौथा मासाही गेला.

असे आपल्याकडे घरोघर होते. मग कोणी म्हणते, पाणी लागले नाही. कोणी म्हणते, नजर लागली. अहो, नजर कसली! बरणीत मासे ठेवणे म्हणजे गोठ्याला दार-खिडकी न ठेवता चार बैल कोंडणे, आणि शेणही आतच राहू देणे. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. ती घाण कोणी उचलायची?

याचे उत्तर लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाने 1850 साली करून दाखवले. रॉबर्ट वॉरिंग्टन त्याचे नाव. त्याने काचेच्या भांड्यात वाळू आणि माती घातली, पाण्यात वाढणारी व्हॅलिस्नेरिया नावाची वनस्पती लावली आणि दोन सोनेरी मासे सोडले. पाने कुजून पाणी खराब होऊ लागले, तेव्हा त्याने पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली. झाडे माशांच्या घाणीवर वाढली आणि उजेडात प्राणवायू सोडू लागली. पाणी स्वच्छ राहिले. मी हे वाचले तेव्हा मनात आले, की हे तर आपले वावरच झाले, फक्त पाण्याखाली गेलेले. मुलाचा चेहरा उतरलेला होता. म्हटले, चल, आपण वावर करू.

टाकी आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी करून घेतली. काच 6 मिलिमीटरची. जुन्या काळी लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टी भरून टाक्या करीत. आता काचेला काच सिलिकॉनने चिकटवतात. हे सिलिकॉन घेताना बुरशीनाशक मिसळलेले घेऊ नये, ते माशांना चालत नाही. चिकटवल्यावर दोन-तीन दिवस वाळू द्यावे आणि मग अंगणातच भरून एक रात्र ठेवून पाहावे. गळती असेल तर ती अंगणात कळलेली बरी.

माती, वाळू, पाणी आणि काच मिळून अशा टाकीचे वजन जवळजवळ क्विंटलभर होते. तेव्हा लोखंडी टेबल, टीव्हीचा स्टँड असल्या जागा नकोत. ओसरीतला सिमेंटचा ओटा सर्वांत उत्तम. खाली थर्माकोलचा पत्रा अंथरावा, म्हणजे ओट्याच्या खडबडीतपणाने काच तडकत नाही. ऊन थेट पडेल अशी जागा टाळावी. एकदा भरलेली टाकी पुन्हा उचलायची नसते, हे घरातल्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे. आमच्याकडे दिवाळीची साफसफाई करताना एकाने एक कोपरा उचलून पाहिलाच होता!

आता माती. आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीचा गुण आपल्याला माहीत आहे. पाणी पिते, फुगते, आणि वाळली की भेगाळते. पाण्याखाली तिचा चिखल असा उठतो की आठ-आठ दिवस बसत नाही. म्हणून तिच्यावर जाड वाळूचे पांघरूण लागते. माती कपाशीच्या वावरातली घेऊ नये, कारण तीत फवाऱ्याचा आणि खताचा अंश असतो. परसात लिंबाच्या झाडाखाली जिथे कधी फवारा मारला नाही, तिथली आम्ही घेतली. चाळली, बादलीत भिजवली, वर तरंगलेला काडीकचरा ओतून दिला. असे चार वेळा केले. शेणखत घालण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आवरावा. पाण्यात शेणखत कुजले की अमोनिया सुटतो आणि मासे मरतात. मातीचा थर इंचभरच असावा. जाड केला तर तळाला हवा पोचत नाही, माती काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

त्यावर दीड-दोन इंच वाळू. नदीची, ज्वारीच्या दाण्याएवढी. बारीक वाळू दाबून बसते, मुळांना श्वास घेऊ देत नाही. वाळूवर थोडा लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आला तर तीत चुनखडी आहे असे समजावे आणि दुसरी आणावी. आपले विहिरीचे पाणी आधीच जड, त्यात आणखी चुना कशाला?

झाडांसाठी शहरातल्या दुकानात जायलाच हवे असे नाही. गावच्या तळ्यात आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात तीन-चार वेगळ्या वनस्पती असतात. एक हायड्रिला. तिची काडी लांब, आणि काडीभोवती जागोजाग बारीक पानांची चक्रे. दुसरी व्हॅलिस्नेरिया, फितीसारख्या लांब पानांची. तळाशी रोप आणि त्यापासून गवतासारखे धावते फुटवे. तिसरी सेराटोफायलम. तिला मूळ नसते, कोल्ह्याच्या शेपटीसारखी ती पाण्यात तरंगत राहते. या तिन्ही आपल्या देशातल्याच आहेत आणि जड पाणी त्यांना मानवते.

या वनस्पतींची किंमत कोणाला कळली असेल तर ती भंडारा-गोंदियाकडच्या ढीवर समाजाला. तिकडे जुने मालगुजारी तलाव शेकड्यांनी आहेत. मासेमारी कमी होत गेली, गावठी मासे दिसेनासे झाले, काठावर बेशरमाची झुडपे माजली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागातले मच्छीमार स्त्री-पुरुष यांनी मिळून या तलावांचा अभ्यास केला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोण काय खातो, हे म्हाताऱ्या मच्छीमारांना पाठ होते. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तलावाचा तळ नांगरला आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती आणून चक्क लावल्या, आपण धानाची रोवणी करतो तशा. यात बायका पुढे होत्या. झाडे परत आली तसे गावठी मासेही परत आले. तळ्यात लावणी करायची असते, ही गोष्ट आपण कापूसवाल्यांनी ऐकलेलीही नव्हती.

तळ्यातून आणलेल्या झाडांबरोबर जळवा आणि चतुराची पिल्ले येतात. चतुराचे पिल्लू दिसायला गरीब, पण माशाची पोरे पकडून खाते. म्हणून झाडे विहिरीत टाकतात त्या लाल औषधाच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून काढावी, मग साध्या पाण्याने धुवावी. छोट्या गोगलगाई राहिल्या तर राहू द्याव्या.

लावणी दाट करावी, हे मी आग्रहाने सांगतो. लोक दोन काड्या लावतात आणि त्या वाढण्याची वाट पाहतात. तोवर हिरवे शेवाळ काचेवर चढते. पऱ्हाटीची पाने एकमेकांना भिडली की निंदण कमी लागते ना? तसेच हे. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त तळ झाडांनी झाकला पाहिजे. हायड्रिलाच्या पाच-सहा काड्यांची जुडी करून दोन बोटे खोल रोवावी. व्हॅलिस्नेरियाचा कोंब मात्र वाळूच्या वरच ठेवावा, गाडला तर सडतो. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवावी आणि तिच्यावर हळूहळू धार सोडावी. नाहीतर सगळी मशागत एका बादलीत उधळते.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकते, ते योग्यच आहे. पण त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पाणी रुंद तोंडाच्या गंजात दोन दिवस उघडे ठेवावे, अधूनमधून ढवळावे. ब्लिचिंगचा वास गेला की वापरावे. दुसरी गोष्ट आमच्या अकोट-दर्यापूरकडच्या वाचकांसाठी. पूर्णाखोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी मचूळ लागते. गप्पी मासे थोडा खारेपणा सोसतात, पण झाडे सोसत नाहीत. तिथे पावसाळ्यात छताचे पाणी ड्रममध्ये धरून ठेवावे आणि तेच वापरावे. पहिल्या दोन पावसांचे मात्र जाऊ द्यावे.

टाकी भरली, झाडे लागली. आता मासे? नाही! इथेच सगळ्यांचे चुकते. आमचा नातू रोज शाळेतून आला की विचारी, "आबाजी, आज सोडाचे काय?" मी म्हणे, अजून नाही. पुरते चार आठवडे थांबवले त्याला.

कारण सांगतो. आपण पिकाला युरिया देतो, तो मातीतल्या जिवाणूंमुळे आधी अमोनिया होतो, मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तिसरे नायट्रेट करतात, आणि ते पीक घेते. माशाच्या घाणीचेही हेच होते. अमोनिया माशाला विष, नायट्राइटही विष. नायट्रेट मात्र थोडे असले तर चालते, आणि अमोनिया असो की नायट्रेट, झाडे दोन्ही खातात. हे जिवाणू विकत आणून टाकायची गरज नाही, ते मातीत आणि झाडांवर असतातच. पण वाळूच्या कणाकणावर त्यांची वस्ती बसायला तीन-चार आठवडे लागतात. त्या आधी मासे सोडले की बरणीत झाले तेच होते. आणि वस्ती बसल्यावर कोणी उत्साहाने सगळी वाळू काढून साबणाने धुतली, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. टाकी लख्ख घासून धुणे हा मासे मारण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

माती वापरण्याची ही रीत नवी नाही, आणि जुनाटही नाही. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड या बाईंनी 1999 साली यावर मोठे पुस्तक लिहिले आणि साध्या मातीवर, थोड्याशा यंत्रसामग्रीत टाक्या चालतात हे दाखवून दिले. आपल्याकडे लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. पंपावर जगणारी टाकी लोडशेडिंगमध्ये मरते. झाडांवर जगणारी तग धरते. एवढे लक्षात ठेवावे, की झाडे प्राणवायू उजेडातच सोडतात, रात्री तीही तो घेतात. म्हणून मासे थोडे असावेत. पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेताना दिसले तर गर्दी झाली असे समजावे.

मासे आम्ही गप्पी निवडले. प्राथमिक आरोग्य केंद्राची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी डबक्यांत सोडतात तेच हे. (नावाचा आपल्या गप्पांशी संबंध नाही. त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी नावाच्या गृहस्थाने हे मासे लंडनला पाठवले, त्यावरून 1866 साली ते नाव पडले.) जड पाणी त्यांना आवडते. मादी अंडी घालत नाही, सुमारे चार आठवड्यांनी जिवंत पोरे देते, एका वेळी वीस-तीसही. आमच्या 50 लिटर पाण्यात आम्ही सहा सोडले. ज्यांना पोरांचा पसारा नको त्यांनी नुसते नर ठेवावे. रंगही नरांनाच असतो.

नाल्यात दुपट्टा धरून मुले बारीक मासे पकडतात, त्यातलेही काही टाकीत छान राहतात. अंगावर निळे-पांढरे उभे-आडवे नव्हे, तर डोक्यापासून शेपटीपर्यंत पट्टे असलेला एक चपळ मासा असतो, इंच-दीड इंचाचा. जगभरच्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ त्याच्यावर अभ्यास करतात, आणि तो मूळचा आपल्याच भागातल्या ओढ्यांचा. पण मरळीचे पिल्लू चुकून येऊ देऊ नका. ते गोजिरवाणे दिसते. आमच्या शेजाऱ्यांनी आणले होते. महिन्याभरात टाकीत तो एकटाच उरला आणि चांगला गुटगुटीत झाला.

खाणे दिवसातून एकदा, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढेच. पोळी, भात, फरसाण काही नको. आठवड्यातून एक दिवस उपास. आमच्या आजीने तो एकादशीला जोडू पाहिला, पण एकादशी पंधरा दिवसांनी येते, म्हणून शेवटी गुरुवार ठरला. दिवा रोज सात-आठ तास पुरे. जास्त वेळ ठेवला की पाणी हिरवे होते. पाणी हिरवे झाले तर औषध न शोधता दिवा कमी करावा, खाणे कमी करावे.

आठवड्याला एक चतुर्थांश पाणी काढून तेवढेच मुरवलेले पाणी घालावे. नळीने तळाजवळून ओढावे. ते काढलेले पाणी फेकू नका, मिरचीला आणि तुळशीला घाला. त्यात नायट्रेट असते. उन्हाळ्यात पुष्कळ लोक पाणी काढत नाहीत, उडाले तेवढे वरून घालतात. ही मोठी चूक आहे. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. ते साठत जातात. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

उन्हाळ्याची आम्हाला धास्ती होती. बाहेर 45 अंश, घरातले पाणी 33-34 वर. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम असतो, तो 35 अंशाला 7 वर येतो. आम्ही माठाला करतो तेच केले. टाकीच्या तीन बाजूंना ओले गोणपाट, वरचे झाकण काढून जाळी, आणि लाईन असेल तेव्हा पाण्यावरून पंखा. दोन-तीन अंश उतरतात. एकही मासा गेला नाही. जूनमध्ये पोरे धरून चाळीसच्या वर मासे होते, झाडे पाण्याच्या वर आली होती, आणि गावातली मुले संध्याकाळी ओसरीत येऊन बसू लागली होती.

आणि मग श्रावणात एका संध्याकाळी सगळे मासे गेले.

मी मंदिरातून परत आलो तर नातू टाकीपुढे उभा. मासे गोल गोल फिरत होते, झटके देत होते, एकेक करून तळाला जात होते. दिवेलागण होईपर्यंत एकही हलत नव्हता. मी आधी प्राणवायूचा विचार केला. पण त्यात मासे वर येतात, आणि बहुधा पहाटे. पाणी निवळशंख होते. वास नव्हता. झाडे ताजीतवानी. काही सुचेना. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आबाजी, गोगलगाई त जित्या हायेत."

खरेच, गोगलगाई काचेवर मजेत फिरत होत्या. एवढ्यावरून मला उलगडा झाला. मासे पटापट मरतात आणि गोगलगाईंना काही होत नाही, असे करणारे विष आपल्या सगळ्यांच्या घरी असते. सायपरमेथ्रीन आणि त्याच्या जातीची औषधे. एक लिटर पाण्यात ग्रॅमचे दहा लाखावे एक-दोन भाग असले तरी माशांना पुरतात. गोगलगाईंवर त्यांचा परिणाम फार कमी.

पुतण्याला विचारले. त्याने दिवसभर पऱ्हाटीवर फवारा मारला होता. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन यांचे तयार मिश्रण. घरी आला, हात धुतले, जेवला. मुलगा म्हणाला, बाबा, एक झाड वर आले. त्याने हात घालून ते रोवून दिले. एवढेच.

"पण काकाजी, म्या हात धुतले होते ना!"

धुतले होते, पण नुसत्या पाण्याने. ही औषधे तेलात विरघळतात, पाण्यात नाही. साबणाशिवाय ती हाताच्या रेघांतून आणि नखांतून निघत नाहीत. आम्ही तिघे टाकीकडे बघत उभे होतो. सूनबाई मागे होती. ती म्हणाली, "त्याच हातानं जेवले. अन् पोरगं ताटात होतं." कोणी काही बोलले नाही.

घाबरवण्यासाठी सांगत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सायपरमेथ्रीनसारखे औषध माणसाचे शरीर पुष्कळसे मोडून टाकते, माशाला ते मोडता येत नाही. म्हणजे मासा मेला त्या मात्रेत माणूस मरत नाही. पण त्याच डब्यातले प्रोफेनोफॉस माणसाच्याही मज्जासंस्थेवर चालते, आणि मोनोक्रोटोफॉस तर त्याहून जहाल. 2017 च्या हंगामात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. ती आपल्यासारखीच कापूसवाली माणसे होती. तीही घरी आल्यावर हात धुवत असतील.

त्या दिवसापासून आमच्याकडे फवाऱ्याचे कपडे अंगणातच उतरतात आणि वेगळ्या बादलीत धुतले जातात. हातपंपाशी साबण दोरीने बांधलेला आहे. कोपरापर्यंत दोनदा साबण लावून, नखे घासून, मग आंघोळ, आणि मग घरात पाऊल. पंप विहिरीवर किंवा नाल्यात धुवायचा नाही. हे नियम मी याआधी पुतण्याला दहा वेळा सांगितले असतील. तो हो म्हणे. आता सांगावे लागत नाही; पोरगा दारात उभा राहून विचारतो.

टाकी सगळी मोडावी लागली. हे विष मातीला घट्ट धरून बसते, तेव्हा नुसते पाणी बदलून भागत नाही. माती, वाळू, झाडे सगळे काढले आणि विहिरीपासून दूर खड्डा करून पुरले. काच साबणाने धुतली, आठ-दहा वेळा पाण्याने खळबळली, उन्हात वाळवली. पुन्हा लिंबाखालची माती, पुन्हा वाळू, पुन्हा तळ्यावरून झाडे. पुन्हा चार आठवडे. या वेळी मुलाने एकदाही विचारले नाही.

टाकीत हात घालण्यावर आता घरात कडक बंदी आहे. फक्त मुलगा घालतो, आणि तोही फवाऱ्याच्या दिवशी नाही. गुरांच्या गोचिडाच्या औषधाचा हात, डासांची अगरबत्ती टाकीशेजारी, हेही बंद. त्यांतही बहुधा याच जातीचे विष असते. आणि खर्रा! तंबाखूतले निकोटीन माशांना बाधते आणि चुना पाणी बिघडवतो. खर्रा घोटलेला हात टाकीत घालायचा नाही हे ठरल्यावर आमच्याकडच्या निम्म्या पाहुण्यांची टाकीशी ओळखच तुटली.

आता एका वाचक भगिनीच्या पत्राचे उत्तर. त्या विचारतात, टाकीत मासे फार झाले तर नदीत सोडावे काय, पुण्य लागेल. ताई, तसे करू नका. गप्पी परदेशचे आहेत. वाहत्या नाल्यात गेले तर आपल्या बारीक माशांच्या पोरांवर ताव मारतात. काच चाटणारा जो काळा, खरखरीत मासा दुकानात मिळतो, तो लहान असताना बोटाएवढा असतो आणि मग हातभर होतो. कंटाळून लोकांनी सोडलेले हे मासे आज आपल्या राज्यातल्या धरणांत आणि नद्यांत मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात, आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. जलपर्णीही अशीच कोणाच्या तरी हौसेपायी देशात आली. जास्तीचे मासे शेजाऱ्यांना द्यावेत, किंवा गुरांच्या हौदात आणि घरच्या सिमेंटच्या टाक्यात ठेवावेत, म्हणजे डास होणार नाहीत. हौदाचे पाणी नाल्यात वाहून जात नसले म्हणजे झाले.

आमच्याकडे या घडीला एकोणीस मासे आहेत. मोजणी नातवाची आहे. झाडांत लपलेली पोरे सुटली असतील असे तो म्हणतो. तिवसा तालुक्यातल्या कोणाला टाकी करायची असेल त्यांनी मोझरीला यावे, हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरियाच्या जुड्या तो फुकट देतो. येताना झाकणाचा डबा आणावा, आणि हात साबणाने धुऊन यावे, कारण तो दारातच विचारणार आहे.